सभेची सूचना

हॅलो, हॅलो... दचकू नका, आज कुणी मला टिचक्या मारून तपासत नाहीये. मी माइक बोलतोय. पोलिसांच्या कारभारावर देखरेख ठेवणारी एक समिती आहे. तिच्या सभागृहात, नागरिकांच्या बाजूला, लोखंडी दांड्यावर उभा असतो तो मी. समितीच्या टेबलावर माझे पाच भाऊ आहेत. आम्ही एकाच खोक्यातून आलो, पण त्यांचं बटण त्यांच्यापाशी आणि माझं सचिवांपाशी.

माणसं माझ्यासमोर आली की गंमत होते. कुणी फुंकर मारतो, कुणी मला गिळायलाच निघतो, कुणी हातभर लांबून पुटपुटतो आणि ऐकू गेलं नाही की माझ्यावरच डाफरतो. पूर्वी सभागृह भरायचं. पण प्रत्येक गाऱ्हाण्याला "नोंद घेतली" एवढंच उत्तर! पालथ्या घड्यावर लोक किती दिवस पाणी ओतणार? आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी, संध्याकाळी पाचला, दोन-चार जण आले तर आले.

अशाच एका सोमवारी ती आली. कपडे शिवणारी बाई. घाईत गळ्यातली मोजपट्टी तशीच राहिली होती. तिचा धाकटा भाऊ घरं रंगवायचा. चोरीच्या संशयावरून त्याला ठाण्यात नेलं आणि सकाळी इस्पितळातून निरोप आला. जिन्यावरून पडून गेला, म्हणे. त्याला महिना होत आला होता.

"त्या जिन्यावर कॅमेरा आहे," मला दोन्ही हातांनी धरून ती म्हणाली. "त्यातलं चित्रण नव्वद दिवसांनी पुसतात. तुम्ही ठराव केलात तर राखून ठेवतात. तेवढा करा, साहेब. मला कुणाला फासावर नाही चढवायचं. तो कसा गेला तेवढं कळू दे."

"विषयपत्रिकेत नसलेला विषय घेता येत नाही, बाई," अध्यक्ष म्हणाले. "पुढच्या वेळी लेखी अर्ज आणा."

दुसऱ्या सभेला तिने अर्ज आणला. एकच प्रत होती. नियमाने दोन लागतात. ती धावत जाऊन दुसरी काढून आली, तोवर सभा संपली होती. अर्ज तिसऱ्या सभेवर ढकलला. ती सभा बरोबर नव्वदाव्या दिवशी येत होती. बाहेर पडताना ती बोटांवर दिवस मोजत होती. मला वाटलं, चला, काठावर का होईना, होईल काम. मी तरी किती खुळा!

त्या सोमवारी संध्याकाळी अध्यक्षांना कुठल्याशा सत्काराला जायचं होतं. म्हणून सभा सकाळी अकराला घ्यायचं ठरलं. "सभागृहाच्या दारावर सूचना लावून टाका," सचिवांनी शिपाईकाकांना सांगितलं. काका कामाला चोख. वाऱ्याने उडू नये, कुणी फाडू नये म्हणून त्यांनी कागद दाराच्या आतल्या बाजूला लावला, चारही कोपऱ्यांना डिंक फासून. आणि दाराला कुलूप घातलं. हे दार महिन्यातून एकदाच उघडतं, सभेच्या दिवशी. पाच दिवस ती सूचना माझ्याकडे तोंड करून होती. मी एकटाच ती वाचत होतो.

सोमवारी अकरा वाजता तिच्या नावाचा पुकारा झाला. एकदा, दोनदा, तीनदा. मी चालू होतो. ओरडावंसं वाटलं, अहो, ती पाचला येणार आहे, तिला कुणी कळवलंच नाही! पण दुसऱ्याचा आवाज मोठा करायचा एवढंच मला येतं. "अर्जदार गैरहजर. विषय निकाली," सचिवांनी लिहिलं. त्याखाली लिहिलं, "नागरिकांचा सहभाग : निरंक."

पाचला दहा मिनिटं असताना ती आली. हातात अर्जाच्या तीन प्रती होत्या, एक जास्तीची.

"काका, लवकर आले का हो मी?"

खुर्च्या रचणारे शिपाईकाका थबकले. "ताई, सभा सकाळीच झाली. दारावर लावलं होतं की..." त्यांनी दाराकडे बोट केलं आणि तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं.

"मग फोन लावा ना साहेबांना. अजून आजचा दिवस आहे."

काकांनी लावला. ठराव सभेतच होतो, तिला पुढच्या महिन्यात यायला सांगा, असं उत्तर आलं.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी बंद होतो, तरी बोलली. "दिवसभर शिडीवर असायचा तो. तीन-तीन मजले. एका हातात डबा, एका हातात ब्रश. कधी घसरला नाही, आणि जिन्यावरून पडला?" एवढी एक गोष्ट तिने आजच्यासाठी राखून ठेवली होती. ती मी ऐकली आणि काकांनी. काका रडत होते. मला तेही जमेना.

दुसऱ्या दिवशी चित्रण पुसलं गेलं.

ती अजून दर महिन्याला येते. मागायला काही उरलेलं नाही, तरी येते. "तो पडला नाही," एवढंच म्हणते. नोंद घेतली जाते. तिच्या मागे सगळ्या खुर्च्या रिकाम्या असतात. माझं काळीज तुटतं.

तुम्हाला भाषण करा असं मी म्हणत नाही. नुसते येऊन तिच्या मागे बसा. दाराला कुलूप दिसलं तर कचेरीत जाऊन विचारा, सभा किती वाजता आहे हो? त्या पाच दिवसांत एवढं विचारायला एक जण जरी आला असता, तर सूचना आतच राहिल्याचं उघड झालं असतं, आणि तिचा भाऊ कसा गेला ते आज तिला ठाऊक असतं.