धुतलेला नकाशा

मी आमच्या गावाचा नकाशा धुतला. सोड्याच्या पाण्यात उकळला, दगडावर आपटला, नीळ घातली आणि दोरीवर वाळत टाकला. लोक ही गोष्ट सांगताना 'रुखमाबाईच्या हातून चुकून झालं' असं गोड करून सांगतात. चुकून काही नाही. धुवायचा म्हणून धुतला, आणि झकास निघाला होता.

चौसष्ट सालची गोष्ट, कापूस वेचणीच्या दिवसांतली. आमचं चिंचखेड धामणगाव बढ्याच्या अलीकडे, बाजाराला पायी जाता येईल इतक्यावर. ग्रामपंचायतीला लागून एका खोलीचं वाचनालय, त्यात दोन कपाटं, आणि त्या कपाटांचे राजे आमचे हे, किसनराव. शेत दीर बघायचे, हे पुस्तकं बघायचे. लग्नानंतर मला वाचायला यांनीच शिकवलं. मी दोन्ही कपाटं वाचून संपवली, म्हणून तर आज हे लिहायला बसले आहे.

पण त्या खोलीत एक पत्र्याची नळी होती, तिला हात लावायची मला बंदी. तिच्यात गावाचा जुना नकाशा होता. रंगराव ड्रॉइंग मास्तरांनी, म्हणजे ज्यांनी वाचनालय काढलं त्यांनी, तो हाताने उतरवला होता. मास्तर गेले आणि नळी यांच्याकडे आली. "तुह्या हाताले सदा तेल नाईतं हयद. हात लावू नोको," असं म्हणायचे. बावीस वर्षांच्या संसारात एकदाही नकाशा मला दाखवला नाही. दाखवला असता तर मी ओळखला असता, हा माझा मुद्दा आजही कायम आहे.

झालं असं. माझी लेक शालू पहिल्या बाळंतपणाला आली होती. आमच्याकडे तान्ह्या लेकराला नवं कोरं कापड घालत नाहीत, धुऊन धुऊन मऊ झालेलंच घालतात. माझी बहीण मलकापूरला, तिचे मालक ओव्हरसियर. ते ज्या निळसर मेणचट कापडावर नकाशे काढत, ते कापड रद्द झालं की बहीण घरी उकळायची. खळ निघून गेली की आतून असं मलमल निघायचं की राजाच्या पोराला घालावं. तिची सगळी पोरं नकाशांच्या झबल्यांत वाढली. शालूसाठी तसं कापड पाठवते, असं तिने मला सांगून ठेवलेलं होतं.

एक दिवस मी गाद्या उन्हात टाकायला काढल्या, तर यांच्या गादीखाली निळसर मेणचट कापड. वर काळ्या रेघा, इंग्रजी अक्षरं. इंग्रजी मला तेव्हाही येत नव्हतं, आताही येत नाही. मला वाटलं, बहिणीने पाठवलेलं हेच. यांनी कोणाकडून तरी घेतलं, गादीखाली टाकलं आणि सांगायचं विसरले, जसं नेहमी विसरतात. मी पाणी तापत ठेवलं.

त्या कापडाची दोन झबली झाली आणि एक कुंची. आठ दिवसांनी शालूला मुलगी झाली. कुंची घातल्यावर ती इतकी गोजिरी दिसायची की शेजारच्या सुभद्राबाईने दोनदा दृष्ट काढली.

शनिवारी हे पोस्टकार्ड नाचवत घरात आले. नागपूरच्या एका मोठ्या ग्रंथालयाला यांनी सात पत्रं घातली होती. ते लोक गावोगावचे जुने नकाशे कॅमेऱ्याने फिल्मच्या रिळावर उतरवत होते. सातव्या पत्राला उत्तर आलं.

"शुक्रवारी येऊन राह्यले साहेब! आपलं गाव रिळावर जाईन, नागपुरात राहीन. मूळ कागद उद्या वाळवीनं खाल्ला तरी गाव जागच्या जागी! समजलं का तुले?"

"शुक्रवारी त बारसं हाय," मी म्हटलं.

"दोन्ही करू!" असं म्हणून हे आत गेले आणि गादी उचलली. "अवं, अठीचा नकाशा कुठी गेला?"

"गादीखाली कोन नकाशा ठेवते जी?"

"नळीत गुंडायून वाकडा झाला होता. सपाट व्हाले ठेवला होता न."

मी मागे वळून पाहिलं. शालूच्या कुशीत नात झोपली होती, डोक्यावर तीच कुंची. मी तिच्यावर दुपटं ओढलं. एरवी माझं तोंड बंद ठेवायला गावाला पंचायत बोलवावी लागते, पण तेव्हा मी मुकाट चुलीकडे वळले.

दोन दिवस यांनी घर उचकलं, वाचनालय उचकलं, बैलांचा गोठासुद्धा सोडला नाही. मला वाटलं होतं, माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर मी उलटून ओरडले असते आणि सांगूनही टाकलं असतं. पण हे स्वतःलाच बोल लावत बसले. "डोस्कं गेलं माह्यं. मास्तरनं विश्वासानं देल्ली वस्तू मी कुठीतरी ठेवली अन् भुललो." जेवणावरची वासना उडाली. साहेबांना 'येऊ नका' म्हणून तार करायला मोताळ्याला जायचं बोलू लागले. ते मला बघवेना. माणूस माझ्या चुकीसाठी स्वतःला कोसतो आहे आणि मी भाकरी थापते आहे, हे काही खरं नव्हतं.

मंगळवारी मी कुंची पदराखाली घेतली आणि फकीर मोहम्मद चाचांकडे गेले. चाचा वाचनालयाच्या पुस्तकांची बांधणी करायचे. पंचाहत्तरी उलटलेली, हात कापायचे, पण स्मरण लख्ख.

"चाचा, या कपड्यावरच्या रेघा परत येतीन का?"

चाचांनी कुंची उजेडात धरली आणि सगळं ओळखून हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, त्यांना पाणी द्यावं लागलं.

"नाई बेटी. हाताची शाई पान्याले भेते. छाप्याची शाई भेत नाई."

"मंग आता काय करू?"

"रंगराव मास्तरनं ही नक्कल कशावरून उतरवली, मालूम हाय का? मोठा छापील नकाशा होता, अंग्रेजाच्या मोजणीचा. घड्यांवर फाटला, चार तुकडे झाले. नक्कल झाल्यावर मास्तर म्हने, फकीर, हे रद्दीत टाक. थे त लढाईचे दिवस. पुठ्ठा मिये नाई कुठी. मी रद्दी फेकतो का? कागदावर कागद चिकटवले अन् पुठ्ठे केले."

"कोन्या पुस्तकाचे?"

"तुमच्याकडं मासिकाच्या दोन जाड्या फायली हायेत न, लाल पाठीच्या? चार पुठ्ठे, चार तुकडे. खळीत मोरचूद टाकलं होतं मी. वाळवीचा बाप नाई खात."

मी उठलेच. चाचांनी हाक मारली. "बेटी, थ्या फायली फोडा लागतीन. किसनरावले पुसल्याबिगर मी सुरी नाई लावत."

म्हणजे सांगणं आलंच. मी सरळ वाचनालयात गेले. हे कपाटासमोर जमिनीवर बसून तिसऱ्यांदा सगळी पुस्तकं झटकत होते. मी कुंची यांच्या मांडीवर ठेवली.

"हा तुमचा नकाशा."

यांनी कुंची उलटीपालटी करून पाहिली. "पुरा?"

"पुरा."

"सोडा टाकला होता?"

"टाकला होता."

हे उठले आणि बाहेर चिंचेखाली जाऊन बसले. मी दारातच उभी राहिले. सांगायला लाज वाटत नाही, मला रडू येत होतं. बऱ्याच वेळाने हे परत आले.

"तू सांगतलं नसतं त मी जलमभर सोताले शिव्या देत राह्यलो असतो," हे म्हणाले. मग कुंचीकडे बघून म्हणाले, "पांढरं मात्र चांगलं काढलं."

तेव्हा मी चाचांची गोष्ट सांगितली. यांचे डोळे असे चमकले की मला लग्नातले किसनराव आठवले. लाल फायली यांच्या फार लाडक्या, पान दुमडलं तरी वाचकाला दोन महिने पुस्तक मिळायचं नाही. पण स्वतः काढून दिल्या.

गुरुवारी सकाळी आमच्या अंगणात परात मांडली. चाचांनी सुरीने पुठ्ठे वेगळे केले, पण पुढचं काम त्यांच्या कापऱ्या हातांचं नव्हतं. हे तर फाटेल म्हणून कागदाला बोटही लावेनात. चाचा म्हणाले, "धुवाचं काम हाय. धुनारीलेच सांगा. फक्त बेटी, आता आपटू नोको."

पहिला पुठ्ठा मी कोमट पाण्यात सोडला. खळ सुटायला वेळ लागला. मग मी बोटांनी एकेक थर उचलला. वर एक तमाशाची जाहिरात, तिच्याखाली बियाण्याची यादी, आणि तिच्याखाली काळ्या बारीक रेघा, जशाच्या तशा.  मी तुकडा धोतरावर पसरला आणि यांनी वाकून पाहिलं.

"नाला," हे म्हणाले. "हा आपला नाला. अन् ही चिंच!"

मग काय विचारता! दुपारपर्यंत अर्धं गाव अंगणात. जो तो आपलं वावर शोधतो आहे. पिराचं वावर सापडलं, जुनी पांदण सापडली. सुभद्राबाईची सासू मरेपर्यंत म्हणायची की गोठ्याखाली विहीर आहे, आणि सगळे तिला हसायचे. ती विहीरही नकाशात निघाली. सुभद्राबाईने तिथेच पदर डोळ्यांना लावला. तीन पुठ्ठ्यांतून तीन तुकडे निघाले. चौथ्यातून निघाल्या नुसत्या लग्नपत्रिका. चाचांनी कपाळाला हात लावला. चौथा तुकडा कोणत्या पुस्तकाला लावला, तेवढं मात्र त्यांना आठवेना.

"तीन त तीन," हे म्हणाले. त्या दिवशी हे पोटभर जेवले.

शुक्रवारी बारसं. पाळण्याला पताका लावल्या, बायका गोळा झाल्या, तेवढ्यात दमणीतून साहेब उतरले. साहेब कसले, पंजाबराव नावाचा तरणा पोरगा, चष्मा घामाने भरलेला, छातीशी कॅमेऱ्याची पेटी बाळासारखी धरलेली. तीन तुकडे पाहून तो हरखला. "अहो, हे तर फारच जुनं छपाईचं काम! इतकं स्वच्छ मी कुठंच पाहिलं नाही. कोणी साफ केलं?"

"हिनं," हे म्हणाले. त्या एका शब्दात इतका अभिमान होता की मी उगाच पाळण्याची दोरी ओढली.

पंजाबरावाने वही काढली. "गावाचं नाव कुठे आहे यावर?"

यांनी तिन्ही तुकडे पुन्हा चाळले. नाव आणि साल चौथ्या तुकड्यावर.

"चिंचखेड! अख्खं गाव उभं हाय न साक्षीले," हे म्हणाले.

"साक्ष रिळावर उतरत नाही हो, किसनराव," पोरगा अगदी ओशाळून म्हणाला. "नाव कागदावर असावं लागतं, नाहीतर 'गाव अज्ञात' अशी नोंद करावी लागेल. मला नियम मोडता येत नाही."

यांचा चेहरा पडला. सात पत्रं लिहिली आणि गाव नागपूरला जाणार ते बिनानावाचं. इतक्यात पाळण्यातली जागी झाली आणि भोकाड पसरलं. मी तिला उचलून खांद्यावर घेतली, डोक्यावरून हात फिरवला, आणि कपाळावरची कुंचीची पट्टी बोटांखाली करकरली.

कुंचीची कपाळपट्टी ताठ लागते, नाहीतर ती लेकराच्या डोळ्यांवर येते. त्यासाठी मी कापडाच्या कोपऱ्याची एक पट्टी न धुताच आत शिवली होती. खळ होती तेवढी बरी, म्हणून. यांना 'पुरा' म्हणताना ती पट्टी मी साफ विसरले होते. तिच्यावर मोठी इंग्रजी अक्षरं होती, एवढं मला आता आठवलं.

"सुई द्या कोनी!" मी ओरडले.

"अवो बाई, बारशाच्या दिवशी लेकराची कुंची उसवतेत का?" सुभद्राबाई मध्ये आली.

"लेकराले गाव नको का?" मी म्हटलं आणि टाके तोडले.

आतून वीतभर निळसर पट्टी निघाली. यांनी ती दोन्ही हातांत धरली. रंगराव मास्तरांची टपोरी इंग्रजी अक्षरं होती. यांनी मोठ्याने वाचलं, "मौजे चिंचखेड." आणि खाली बारीक अक्षरांत, छापील नकाशावरून नक्कल केली, रंगराव.

गावाने अशी आरोळी ठोकली की दमणीचे बैल उधळता उधळता राहिले. पंजाबरावाने तीन तुकडे आणि चौथ्याच्या जागी ती पट्टी मांडून कॅमेरा लावला. नंतर त्याने उसवलेल्या कुंचीसह नातीचाही एक फोटो काढला. तो रिळात गेला की त्याच्या खिशात, मला माहीत नाही.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर यांनी मला वाचनालयात बोलावलं. तिन्ही तुकडे आणि पट्टी सतरंजीवर मांडली होती. मी सवयीने दोन हात लांब उभी राहिले. दिवसभर स्वयंपाक करून बोटं हळदीने पिवळी झाली होती.

"ये न," हे म्हणाले. "बस अठी."

"हाताले हयद हाय माह्या."

"असू दे." यांनी माझं बोट धरलं आणि नाल्याच्या वळणावर, चिंचेच्या पलीकडे एका चौकोनावर टेकवलं. "हे आपलं घर. लाव हात. तुह्याच हातानं निघालं."

तिथे हळदीचा एक बारीक डाग पडला. यांनी तो कधी पुसला नाही.