दिसताय की, अप्पच्चन

आमच्याकडे केरळात, कोट्टायमला ढग गडगडले की बायका आधी राऊटरचा प्लग ओढतात, मग दोरीवरचे कपडे. विजा दरवर्षी कुणाचा तरी टीव्ही खातात. मीही तेच करते.

माझी धाकटी बहीण लिजी कुवेतला नर्स आहे. वडिलांवर, म्हणजे अप्पच्चनवर, तिथून लक्ष राहावं म्हणून तिने व्हरांड्यात कॅमेरा बसवून घेतला. केबलवाल्याने राऊटरमध्ये पोर्ट उघडून दिला. कुवेतहून विचारणा आली की राऊटरने ती कॅमेऱ्याच्या डब्याकडे धाडायची, एवढंच काम. डब्याचा घरातला पत्ता, म्हणजे राऊटर त्याला देतो तो आकडा, कायमचा बांधायचा मात्र तो विसरला.

अप्पच्चन रोज संध्याकाळी धुतलेलं मुंडू नेसून कॅमेऱ्यासमोर बसत आणि फोनवर विचारत, "दिसतोय का गं?"

"दिसताय की, अप्पच्चन. दाढी का नाही केली?"

स्वारी खूश. मोबाइलचा व्हिडिओ त्यांना नको असे. त्यात आपलं कपाळच दिसतं म्हणायचे.

एकदा त्यांनी मुंडू वर करून सुजलेली पावलं कॅमेऱ्याला दाखवली.

"डॉक्टरकडे चला," मी म्हटलं.

"कशाला? आपली नर्स रोज बघते. काही असतं तर बोलली नसती?"

मी चांगली भांडले. पण शिकलेल्या लेकीपुढे घरातल्या लेकीचं कोण ऐकतं? थोड्याच दिवसांत त्यांचं हृदय बंद पडलं.

लिजी कुवेतहून आली आणि दफन झाल्यावर मोबाइलवर राऊटरची सेटिंग उघडून बसली. डब्याचा पत्ता बांधला, पोर्ट तिकडे वळवला. तिच्या मोबाइलवर व्हरांडा उमटला. खुर्ची रिकामी होती.

"चेच्ची, पहिल्या विजेपासून हे बंदच होतं," ती म्हणाली. "तू प्लग काढून परत लावलास आणि डब्याचा पत्ता बदलला. राऊटर जुन्याच पत्त्यावर धाडत बसला. सुट्टीवर आले की करू म्हटलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून दिसताय म्हणत राहिले."

माझा हात उठायचाच बाकी होता.

"इथे बसून काय करायचे गं ते?" तिने विचारलं.

पावलांचं अगदी जिभेवर आलं होतं. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"हात हलवायचे," मी म्हणाले. "लहान पोरासारखे."

आल्यापासून ती पहिल्यांदा हसली. आता ती पावलं जन्मभर माझ्या एकटीच्या वाट्याला.