पडदा उत्तम

काका मनात नोंदी करत होते: कीबोर्ड मऊ आहे. बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते. बायको म्हणते, रोज गाजरं खा. झाकण एका हाताने उघडतं. गेल्या वर्षी ऑफिसातल्या टायपिस्टला नजर कमी झाली म्हणून घरी बसवलं.

बिलं तपासणाऱ्या काकांना साहेबांनी नवा लॅपटॉप आठवडाभर वापरायला दिला होता. त्यांना पसंत पडला तर सगळ्या ऑफिसला तोच येणार होता. बाकी सगळं झकास होतं, पण पडद्यावरचे आकडे पुसट दिसत होते. काकांनी उजेड वाढवला, जागा बदलली, चष्मा तीनदा पुसला. काही फरक पडला नाही.

"काय काका, पडदा दिसतो ना नीट?" साहेबांनी विचारलं. "की डोळ्यांनी दगा दिला?"

"त्यांची नजर घारीची आहे, साहेब," शेजारचा कॅशियर म्हणाला.

काका हसले. "पडदा उत्तम आहे."

सोमवारी टेबलाटेबलावर नवे लॅपटॉप आले आणि जुने उचलून नेले. काकांनी पहिलं बिल उघडलं आणि रक्कम अंदाजाने वाचली.

काकांच्या आधी तो आठवडाभराचा लॅपटॉप रिसेप्शनवरच्या तरुण मुलीने वापरला होता, आणि अक्षरं पुसट दिसतात म्हणून पहिल्याच दिवशी परत केला होता.