डोकं तेवढं नको

डॉक्टरने बायको स्वतःच बनवली होती, तरीही ती त्याला पसंत नव्हती.

सात जणींचे भाग जमवले, विजेचा झटका दिला, बाई उठून बसली. इथवर ठीक. मग ती बोलायला लागली. "खिडकीला गज कशाला? दाराला बाहेरून कुलूप का?" महिनाभर हेच ऐकून डॉक्टरचं डोकं उठलं. आज दवाखान्यात निघताना त्याने जाहीर केलं, "संध्याकाळी तुझं डोकं बदलतो. शांत स्वभावाचं मिळालंय."

किल्ली खिशात टाकून तो गेला. बाई येरझाऱ्या घालू लागली. सहा पावलं जायला, सहा यायला. बाकी अंगाचं काहीही होवो, डोकं गेलं की ती गेलीच.

दुपारी खिडकीशी नणंद आली. ती शिंपीण. डॉक्टरला टाके धड जमेनात, म्हणून वहिनीला शिवलं होतं तिनेच.

"वन्सं, काहीतरी करा हो!"

"हळू, वहिनी. तुम्हाला नुसता कच्चा धावदोरा घातलाय मी. घालणारी 'बसतंय' म्हणाल्याशिवाय पक्की शिलाई मारत नाही. दादाने तुम्हाला कधी विचारलंच नाही, मग राहिलं तसंच."

तिने गजांतून कात्री आत घातली. हात निघाले, पाय निघाले. धड चार तुकड्यांचं, तेही पिशवीत गेलं. अडलं डोकं. तेवढंच एका बाईचं, अख्खं. उभं, आडवं, तिरकं करून पाहिलं.

"कान कापू?"

"वन्सं!"

"बरं बाई, विचारलं फक्त."

तेवढ्यात फाटक वाजलं. नणंदेने डोकं आत उशीवर ठेवलं आणि पिशवी घेऊन ती भिंतीआड झाली.

डॉक्टर दारातच थबकला. "बाकीची कुठे आहेस?"

"पुढे गेलेय."

फुप्फुसांशिवाय ही बोलते कशी, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पण ठेवायचं ते गायब आणि टाकायचं तेवढं शिल्लक, याने त्याचं पित्त खवळलं होतं.

"एका परीने बरंच झालं," डोकं म्हणालं. "आता मला ना स्वयंपाक, ना झाडलोट. रात्रंदिवस गप्पा मारू."

डॉक्टरने केस धरून डोकं उचललं, मागच्या दाराने बाहेर नेलं आणि कचऱ्याच्या डब्यात आपटून झाकण लावलं.

काळोख. गालाला केळ्याचं साल. आता तर अर्धं पाऊलही नाही. मग चपला वाजल्या. त्याच्या की वन्संच्या, कळेना. गप्प राहणं शहाणपणाचं होतं, पण ते तिला कधीच जमलं नव्हतं.

"इथे आहे मी! इथे!"

झाकण उघडलं.

"कळलं, वहिनी, अख्ख्या गल्लीला कळलं," तोंडात टाचण्या धरून नणंद म्हणाली. "चला आता. आणि जाता जाता सांगा, यातला डावा पाय कोणता?"