मावशीच्या वर्गातला नमुना

वर्गात तिला सगळे नमुना म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर लाकडी जमिनीचा एक लांबुळका हॉल होता. तिथे सकाळी साडेसहाला मावशीचा योगवर्ग भरायचा. मावशी पुढे खुर्चीत बसून सांगायची आणि शेजारच्या बुटक्या चौथऱ्यावर ही भाची ते करून दाखवायची. सात वर्षांपूर्वी मावशीच्या पाठीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी तिला वाकायची कायमची बंदी केली, तेव्हापासून हे असंच चालत आलं होतं. तोंड मावशीचं, अंग भाचीचं. मावशी आसनाचं नाव घ्यायची आणि मग एकच शब्द बोलायची, "दाखव." की चौदा माना चौथऱ्याकडे वळायच्या.

शिकवायची पद्धतही तशीच, शब्दांची काटकसर करणारी. कुणाचं काही चुकलं तर मावशी नुसतं त्या अवयवाचं नाव घ्यायची. "खांदे." "मान." "पोट." शाबासकी हा प्रकार तिच्याकडे नव्हताच. मावशी काही बोलली नाही म्हणजे बरोबर आहे, हे नव्या माणसाला समजायला महिना लागायचा. निवृत्त पोस्टमनकाकांना दोन वर्षं लागली, कारण त्यांच्या बाबतीत तिच्यावर गप्प बसायची वेळच यायची नाही.

नमुना पोटापाण्यासाठी कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे ठसे यायचे. ती त्यात प्लास्टर ओतून साचा काढायची, मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायची, आणि दिवसभर दिव्याखाली मान मोडून दुसऱ्याच्या हसण्याची सोय करायची. एवढं वाकून बेचाळिसाव्या वर्षीही तिची पाठ ताठ होती, ती मावशीमुळे. पण खरं देणं त्याहून जुनं. एकोणिसाव्या वर्षी आई गेली तेव्हा नातेवाइकांनी समजूत घालून घालून तिला अगदी नको नको केलं होतं. मावशीने समजूत म्हणून घातली नाही. रोज संध्याकाळी शेजारी येऊन बसायची आणि म्हणायची, "श्वास घे. आता सोड." त्या दोन वाक्यांवर या पोरीने ते वर्ष काढलं होतं. आता अशा बाईला, तुझ्या वर्गात मला कंटाळा येतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

कारण कंटाळा येत होता. काही बिनसलं नव्हतं, दुखत-खुपत नव्हतं, मावशीवरची मायाही कमी झाली नव्हती. नुसतं मन उडालं होतं. पूर्वी त्रिकोणासनात हात वर गेला की बरगड्यांमधून वारा गेल्यासारखं वाटायचं. आता हात वर जायचा आणि हिला छताच्या पंख्याचं पातं दिसायचं. त्यावर तीन डाग होते. शवासनात सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना ही, आज खालच्या जबड्याचे किती साचे बाकी आहेत, याचा हिशेब करत पडायची. बरं, चौथऱ्यावरचा माणूस मागच्या रांगेत जाऊन चुकारपणाही करू शकत नाही. चौदा जणांची नजर अंगावर, आणि आत कुणी नाही.

त्यात एका सकाळी गजर वाजला नाही. ती चटई काखेत मारून जी सुटली ती थेट वाचनालयाच्या जिन्यापाशी थांबली. बारा मिनिटांचा रस्ता सहा मिनिटांत संपला होता. धाप लागली होती, केस तोंडावर आले होते, एका चपलेचा अंगठा तुटायला आला होता, आणि आपण एकटेच हसतोय हे तिच्या लक्षात आलं. जिना चढायला पाऊल उचलेना.

दुसऱ्या दिवशी गजर वेळेवर वाजला, तरी ती धावतच गेली. मग पुलावरून वळसा घालून. मग दोन्ही पुलांवरून. मग बूट आणले. ती काही फार झोकात धावायची असं नाही. दूध उतू जातंय म्हणून स्वयंपाकघराकडे पळावं तशी धावायची. पण तिथे कुणी बघत नव्हतं. सात वर्षांत पहिल्यांदाच तिचं अंग कुणाला काही दाखवण्यासाठी नव्हतं, तिचं तिला होतं. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामात. त्याने बूट पाहून कपाळावर हात मारला. माणसांना चार पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून मी वीस वर्षं राबतोय, आणि घरातच ही फितुरी, असं त्याचं म्हणणं पडलं. मावशीला सांगितलंस का, असंही त्याने विचारलं. सांगते, म्हणाली. असं तिने तीन महिने म्हटलं.

बिंग फुटायला सुरुवात झाली ती एका गुरुवारी. त्रिकोणासन चाललं होतं. उजवी बाजू झाली, सगळे सरळ उभे राहिले. मावशी म्हणाली, "आता डावी. दाखव." आणि नमुना मनाने दुसऱ्या पुलाच्या चढावर होती, ती पुन्हा उजवीकडेच वाकली. वर्ग तिच्या मागोमाग. मावशी काय बोलते ते ऐकायची सवय या लोकांना राहिलीच नव्हती. ते चौथऱ्याकडे बघून वाकायचे. चौदाच्या चौदा माणसं मन लावून, श्वास मोजत, दुसऱ्यांदा उजवीकडे वाकली आणि एकालाही शंका आली नाही. मावशीने पाहिलं. बोलली मात्र काही नाही. ते गप्प बसणं नेहमीचं नव्हतं, हे एकट्या नमुन्याला कळलं. दुसऱ्या दिवशी पोस्टमनकाका सगळ्यांना सांगत होते की त्यांची एकच बाजू अगदी मोकळी झाली आहे आणि दुसरी अजून वाट बघते आहे.

त्या गुरुवारीच वर्ग सुटल्यावर मावशीने विचारलं, आज कुठे होतीस. आणि हिने, तीन महिने घोटून ठेवलेलं खरं वाक्य ओठांवर असताना, जीभ वळेल ते सांगितलं. गुडघा दुखतोय जरा.

एकदा गुडघा म्हटल्यावर मावशी थोडीच सोडते? संध्याकाळी ती कोमट तेलाची बाटली घेऊन कवळ्यांच्या कारखान्यात हजर झाली. कमरेला पट्टा बांधलेला, दोन बस बदलून आलेली. साच्यांच्या फळीखाली स्टूल ओढून तिने भाचीचा धडधाकट गुडघा मांडीवर घेतला आणि अर्धा तास चोळला. रोज आली. वर्गाचा सगळा अभ्यासक्रमही बदलला. गुडघ्यावर भार येईल असं एकही आसन नाही, सगळं बसून नाहीतर भिंतीला धरून. चौदा माणसं एका न दुखणाऱ्या गुडघ्याची काळजी घेत होती. वर्गात एक नणंद-भावजय होत्या, एरवी एकमेकींशी बोलायच्या नाहीत. त्याही हिच्या गुडघ्यावर एकमताने उपाय सुचवू लागल्या. नमुन्याला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि तरी ती पहाटे धावायला जायचीच, हेही सांगायला हवं.

नवव्या दिवशी वर्ग सुरू होताना पोस्टमनकाका चटई पसरता पसरता, अगदी कौतुकाने म्हणाले, "तेलाचा गुण म्हणायचा. काल पुलावर काय पळत होती ही! मी हाक मारेपर्यंत दिसेनाशी झाली."

मावशीच्या हातात तेव्हा तेलाची बाटली होती. तिने ती मांडीवरच्या पिशवीत ठेवली आणि पाठ सरळ करून बसली. त्या दिवशीचा वर्ग नेहमीसारखा पार पडला. "दाखव" म्हणाली की ही दाखवत होती, आणि मावशीची नजर समोरच्या भिंतीवर होती.

सगळे गेल्यावर दोघीच उरल्या. नमुना चौथऱ्यावरच बसून राहिली.

"पळतेस त्याचं मला काही नाही," मावशी म्हणाली. "पण मी आठ दिवस तुझा गुडघा चोळला."

"चुकलं माझं, मावशी. मला सांगायचं होतं. माझं मन उडालंय यातून. केव्हा उडालं, तेही कळलं नाही."

मावशीने खिडकीकडे बघत विचारलं, "मग दाखवणार कोण?"

त्या प्रश्नात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. सात वर्षं आपण मावशीच्या वर्गाला जातो असं ही समजत होती. मावशीच्या लेखी मात्र तिचं स्वतःचं वाकणं, हात उचलणं, एका पायावर उभं राहणं, सगळं हिच्याकडे ठेवायला दिलेलं होतं. ते उचलून ही पुलावर घेऊन गेली होती. पाठीचं ऑपरेशन दुसऱ्यांदा झाल्यासारखा मावशीचा चेहरा झाला होता. नमुना रडायला लागली. मावशीने तिला श्वास घे असं म्हटलं नाही. उद्यापासून येऊ नकोस, एवढंच म्हणाली आणि कठडा धरून जिना उतरली.

नऊ दिवस गेले. फोन केला तर मावशी उचलायची नाही, घरी गेलं तर झोपलेली असायची. निदान दार उघडणाऱ्या शेजारणीला तसं सांगून ठेवलेलं असायचं. आई गेल्यावर माहेरचं म्हणून उरलेलं एकच माणूस आपण आपल्या हाताने घालवलं, हा विचार नमुन्याच्या डोक्यातून जाईना. तिने चार दिवस बूट घातले नाहीत. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कवळीत तिने एक दात उलटा बसवला, जे पंधरा वर्षांत झालं नव्हतं. नवऱ्याने एकदाही थट्टा केली नाही, यावरून काय ते समजा.

पाचव्या दिवशी ती पुन्हा धावायला लागली, पण वाचनालयाचा रस्ता टाळून. मोठ्या शाळेमागे मातीचं मैदान होतं, तिथे गोल गोल.

आठव्या दिवशी पोस्टमनकाका कारखान्यात आले. आपल्या तोंडून निसटलेल्या वाक्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि त्याची भरपाई म्हणून ते बातमी घेऊन आले होते. त्यांनी सांगितलं, मावशी आता स्वतः दाखवते. पहिले दोन दिवस ती नुसती बोलली आणि वर्ग नुसता बघत उभा राहिला, कुणाला काही जमेना. तिसऱ्या दिवशी तिने खुर्चीत बसल्या बसल्याच हात वर केला. गेला खांद्याच्या जरा वर, तिथेच थांबला. म्हणाली, माझा एवढाच जातो, तुमचा जाईल तेवढा न्या. काका म्हणाले की तुझ्याकडे बघून आम्हाला दर वेळी आपण लाकडाचे आहोत असं वाटायचं. तिच्याकडे बघून तसं वाटत नाही. मग हे बोलणं हिला लागेल असं वाटून ते गडबडले. हिला लागलं नाही. तिला इतकं हलकं वाटलं की तिने काकांना चहा पाजला आणि त्यांच्या खालच्या कवळीची कड टोचत होती ती तिथल्या तिथे घासून दिली. निघताना काकांनी, हल्ली कुठे पळतेस, असं सहज विचारलं. हिनेही सहज सांगितलं.

रविवारी सकाळी ती मैदानावर गेली तर कडेच्या बाकावर मावशी बसलेली. कमरेला पट्टा, मांडीवर पिशवी. पिशवीतून तेलाच्या बाटलीचं बूच डोकावत होतं.

ती समोर जाऊन उभी राहिली. मावशीने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, बूट जरा जास्त वेळ पाहिले.

"खोटं बोलायचं नाही पुन्हा."

"नाही बोलणार."

"दाखव," मावशी म्हणाली.

ज्या शब्दाला ती इतके महिने कंटाळली होती, तो ऐकून तिने वाकून बुटांच्या नाड्या पुन्हा घट्ट बांधल्या. कुणी बघत नाही म्हणून आपल्याला हे आवडतं असं तिने स्वतःला किती वेळा सांगितलं होतं. या एका माणसाने बघावं असं वाटत होतं, ते तिला आत्ता कळलं.

ती धावायला लागली. पहिला फेरा तिने अगदी अवघडून काढला. बाकासमोरून जाताना मावशीचा आवाज आला, "खांदे." तिने खांदे खाली सोडले. दुसऱ्या फेऱ्याला आवाज आला, "मुठी." मुठी आवळल्या होत्या हे तिचं तिलाही माहीत नव्हतं, तिने बोटं सैल केली. तिसऱ्या फेऱ्याला मावशी म्हणाली, "श्वास सोड," आणि एकोणिसाव्या वर्षापासून आत कुठेतरी धरून ठेवलेला असावा तसा मोठा श्वास तिने सोडला.

चौथ्या फेऱ्याला बाक जवळ आला तशी ती कान देऊन धावू लागली. बाक आला, मागे पडला, वळण आलं. मावशी काही बोलली नाही. नमुन्याने डोळे पुसले आणि आणखी एक फेरा घेतला.