फेटियाचा खरा धनी

मंगळवारी मुंबईहून कापडाची जाणकार बाई येणार आणि संग्रहालयातले जुने कपडे तपासणार, असा निरोप आला, तेव्हापासून आठवडाभर रूपलाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

वाशीमच्या नव्या संग्रहालयात काचेआड तिच्या घरचा फेटिया होता. आरसे, कवड्या आणि बारीक टाक्यांनी भरलेला बंजारा बायांचा घेरदार घागरा. खालच्या पाटीवर लिहिलं होतं : 'अंदाजे शंभर वर्षे जुना'. सहा महिन्यांपूर्वी संग्रहालयाची माणसं वस्तू गोळा करत किन्हीराजाजवळच्या त्यांच्या तांड्यावर आली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, मदनसिंगानं, छाती फुगवून सांगितलं होतं, "माह्या आजीचा हाये!" रूपला तेव्हा गप्प राहिली होती.

आजेसासूचा फेटिया खरं तर पेटीतच उंदरांनी कुरतडला होता. उरलेल्या चिंध्या समोर ठेवून रूपलानं दोन हिवाळे बसून, टाक्याला टाका मिळवत, तसाच दुसरा केला होता. काचेआड होता तो हा दुसरा.

"तपासू दे ना," मदनसिंग म्हणाला. "कोनाले काय कळते?"

"तिले कळंन. दोरा नवा हाये."

सोमवारी सकाळी तिनं चिंध्यांचं गाठोडं काखेत मारलं आणि एसटी धरली.

संग्रहालय सांभाळणाऱ्या ज्योत्स्नाबाईंसमोर ती बसलीसुद्धा नाही. उभ्या उभ्याच बोलली, "ताई, आमी खोटं बोललो. थो फेटिया आजेसासूचा नाही. माह्या हातचा हाये."

ज्योत्स्नाबाईंचा चेहरा उतरला. "पाटी छापली, पुस्तकात फोटो गेला. मावशी, तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"घरच्या मानसाले चारचौघांत खोटं पाडता आलं नाही. आता काढून टाका. जे बोलाचं थे बोला."

तिनं गाठोडं सोडलं. टेबलावर काळपट लाल चिंध्या पसरल्या. एका तुकड्यावर आरशांची अर्धी ओळ शाबूत होती. ज्योत्स्नाबाईंनी भिंग काढलं. एकेक टाका न्याहाळला. मग उठून फेटिया काचेतून काढून आणला आणि तुकडा त्याच्या कडेला लावून पाहिला. टाके तंतोतंत जुळत होते.

"हे तुमी नुसतं पाहून केलं?"

"शिकवाले कोन होतं? आजेसासू तं कवाच गेली."

"उद्या या. त्या बाईंना तुमीच दाखवा, टाका कसा घेता ते. फेटिया इथंच राहील, या तुकड्यांशेजारी. पाटी मात्र बदलावी लागेल." त्यांनी कागद ओढला. "आजेसासूचं नाव काय?"

"केसली."

त्यांनी केसलीचं नाव लिहिलं. त्याखाली, फेटिया शिवणाऱ्या बाईचं म्हणून, रूपलाचं. रूपलाला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी दोन्ही नावं मोठ्यानं वाचून दाखवली. रूपला आता कुठं खुर्चीत टेकली आणि पुढ्यातलं तांब्याभर पाणी एका दमात प्यायली.

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. मालेगाव येईपर्यंत तिचा डोळा लागला. आठवड्याची झोप एकदमच आली. किन्हीराजा मागं गेलं, तिला पत्ताच नाही. कंडक्टरनं हलवलं तेव्हा शेलुबाजार आलं होतं.

"कुठं उतराचं होतं, मावशी?"

"मागंच," ती म्हणाली आणि खुदकन हसली. उतरल्यावर तिनं समोरच्या गाड्यावरून गरम भज्यांचा पुडा घेतला आणि उलट्या गाडीची वाट पाहत, बाकावर पाय पसरून, खाऊ लागली.