दाबून धरलेले हात

मी एक रबरी पुतळा बोलतोय. दुकानाच्या काचेत नवे कपडे घालून मिरवणारा नव्हे. मी आडवा पडून राहणारा. माझी छाती दाबून, माझ्या तोंडात फुंकर घालून माणसं दुसऱ्याचा जीव वाचवायला शिकतात.

साच्यातून निघालो आणि थेट परिचारिकांच्या कॉलेजात पोचलो. तिथल्या मुली पहिल्या दिवशी मला हात लावायलाही लाजायच्या आणि परीक्षेच्या दिवशी माझ्या बरगड्या मोडायला निघायच्या. पुढे माझा जबडा खिळखिळा झाला, एक हात खांद्यातून निखळला आणि माझी रवानगी कोठीत झाली, मोडक्या खुर्च्यांखाली.

तिथून मला बाहेर काढलं सिस्टरनी. त्या कॉलेजाला जोडलेल्या रुग्णालयाच्या अपघात विभागातून निवृत्त होत होत्या. निरोपाला काय भेट देऊ, असं विचारल्यावर म्हणाल्या, "कोठीतला तो पुतळा द्या." सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. भोसकलेली कोवळी पोरं टेबलावर घेता घेता त्यांची नोकरी सरली होती. "रस्त्यावर बघ्यांची ही गर्दी असते," त्या म्हणायच्या, "आणि हात कुठे ठेवायचा ते एकालाही ठाऊक नसतं."

टायरच्या दुकानावरची एक खोली त्यांनी मिळवली. नाक्यावरची पोरं तिथे यायला लागली. शाळा सुटलेली, काम न लागलेली, कुणाच्या खिशात चाकू. सिस्टरनी उपदेश केला नाही. दाराजवळ एक पत्र्याचा डबा ठेवला. "खिशातलं यात टाकायचं. जाताना आपापलं घेऊन जायचं." हळूहळू एखादा पोरगा घ्यायचं विसरू लागला. सिस्टर त्याला आठवण करून देत नसत.

त्यांनी माझ्या जांघेत एक चीर पाडून आत लाल पाण्याची नळी बसवली. "इथे लागलं तर रक्त थांबवायला पट्टा बांधता येत नाही. दोन्ही तळहात, सगळं वजन. तो ओरडेल, शिव्या घालेल, सोड म्हणेल. सोडायचं नाही." एवढंच नाही, पोरांना पहाटे फोन करून कामाला उठवायचं, साहेबासमोर मान वर करून कसं बोलायचं ते शिकवायचं, कोर्टाच्या तारखेला सोबत जायचं, हेही त्याच करत. पोरं मला मामा म्हणायची. "काय मामा, आज पुन्हा मेलास?"

त्यांतला एक टिचक्या. आल्या आल्या माझ्या नाकावर टिचकी मारायचा, म्हणून हे नाव. बाप नव्हता. थोरल्या भावाने, दादाने, घर ओढलं होतं. दादा दिवसा माल उतरवायचा आणि संध्याकाळी गल्लीच्या भांडणांत सगळ्यांत पुढे असायचा. "बाहुल्या खेळतोस होय रे?" असं धाकट्याला चिडवायचा, पण वर्ग सुटेपर्यंत जिन्याखाली थांबून राहायचा. धाकट्याने आपल्यासारखं होऊ नये, एवढीच त्याची इच्छा. ती त्याने कधी बोलून दाखवली नाही.

एका दुपारी पुलापलीकडच्या पोरांनी दादाला बसथांब्यावर गाठलं. टिचक्या शेजारीच होता. चाकू नेमका जांघेत लागला. मारणारी पोरं समोरच्या बोळात शिरली, गल्लीतले दोस्त त्यांच्यामागे धावले. "चल रे!" ते टिचक्याला ओरडून सांगत होते. तो गेला नाही. गुडघे टेकून त्याने दोन्ही तळहात जखमेवर रोवले आणि सगळं वजन टाकलं. रुग्णवाहिका येईपर्यंत हात हलवले नाहीत.

दादा वाचला नाही. रुग्णालयाच्या दारातच गेला.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी टिचक्या खोलीत आला. मागोमाग दोस्त आले. "तुझी आई काय म्हणाली ऐकलंस ना?" एकाने विचारलं. त्याने ऐकलं होतं. सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, "भावाला मारून ते पळाले, आणि तू तिथेच बसून राहिलास?"

टिचक्याने त्यांच्याकडे पाठ फिरवली. माझ्याजवळ बसला आणि हात माझ्या जांघेवर ठेवून दाबू लागला. नळीत पाणीही नव्हतं. मला आजवर अनेकांनी दाबलंय, पण ते हात वेगळे होते. ते काही केल्या उचलले जात नव्हते. सिस्टर त्याच्या पाठीशी येऊन जमिनीवर बसल्या. दोस्त ताटकळले, शेवटी "भित्रा" म्हणून निघून गेले.

त्यांच्यातला एक जण खरंच पूल ओलांडून गेला. तो आज तुरुंगात आहे, आणि पलीकडच्या एका घरात तसंच रडणं आहे.

दोस्त गेल्यावर टिचक्या म्हणाला, "सिस्टर, तो सोड म्हणत होता. दुखतंय रे, सोड, म्हणत होता. मी सोडलं नाही. शेवटपर्यंत त्याला दुखवतच राहिलो."

 सिस्टरनी त्याचं डोकं खांद्यावर घेतलं.

आई घरात त्याच्याशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पण समोर ठेवून आत निघून जायची. सिस्टरांच्या ओळखीने त्याला रुग्णालयात स्ट्रेचर ओढायचं काम लागलं. सुट्टीच्या दिवशी तो नव्या पोरांना शिकवू लागला. टिचकी मारणं कधीच थांबलं होतं.

मग एका दुपारी आई जिना चढून आली. पोरांचा वर्ग चालू होता. ती दारातच उभी राहिली.

"शेवटी काय म्हणाला तो?"

टिचक्याने तिच्यापासून ते लपवलं होतं. त्या दिवशी सांगितलं, अडखळत.

"आणि तू सोडलं असतंस तर?"

"तिथल्या तिथे गेला असता, आई."

तिने माझ्या जांघेतल्या चिरेकडे बघितलं. मग म्हणाली, "मी तुला त्यांच्या मागे पाठवत होते रे. तुलाही घालवून बसले असते." आणि खाली बसून तिने त्याचे दोन्ही हात ओढून घेतले, पदराने पुसले. कोरडेच होते ते. तरी ती पुसत राहिली. पोरं गपचूप जिना उतरून गेली.

आता माझ्या छातीची स्प्रिंग गेली आहे, जांघेचं रबर चिरलंय. सिस्टरांचे गुडघे माझ्यासारखेच कुरकुरतात. नवा पुतळा यायचा आहे म्हणे. येऊ दे. तो येईपर्यंत माझं एवढंच मागणं आहे: पोरांनो, चढा वर. चुकीच्या जागी दाबा, उशीर करा, घाबरून हात सोडून द्या, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. चुकायचं तर माझ्यावर चुका. माझी वाट बघणारं घरी कुणी नाही.